चार कॉम्प्युटर आणि एक अण्णा

ऑफिसात एचआर आणि अकाउंट्सचं सॉफ्टवेअर एकमेकांशी बोलत नाही, म्हणून तुम्ही वैतागता ना? पगार दोन दिवस लेट, एक खरमरीत मेल, कॅन्टीनमध्ये थोडी शिव्यांची लाखोली... आणि मॅटर क्लोज! आता हेच सॉफ्टवेअर सरकारी आहे असं समजा, पगाराच्या जागी बियाण्याचे पैसे ठेवा, आणि भेटा आमच्या अण्णांना.

अण्णा म्हणजे माझे वडील. मुक्काम पोस्ट हट्टा, तालुका वसमत, जिल्हा हिंगोली. (हिंगोली 1999 च्या महाराष्ट्र दिनी परभणीतून वेगळा झाला. पुण्यातल्या पार्ट्यांमध्ये हे मला दर वेळी सांगावं लागतं!) साडेतीन एकर, त्यात हळद आणि सोयाबीन. खरं नाव छापलं तर रागावतील, म्हणून समजा, विठ्ठल. सातबाऱ्यावर ‘विठ्ठल’, आधारवर ‘विठ्ठलराव’ आणि पासबुकात इंग्रजीत, एका ‘टी’ची काटकसर करून, ‘विठल’. गावात विचारा, तिन्ही एकच. कॉम्प्युटरला विचारा, तीन माणसं!

तसं एकेका खात्याचं काम झक्कास झालंय. डिजिटल सहीचा सातबारा 2018 पासून मिळतो. ई-पीक पाहणीत 2021 पासून शेतकरी स्वतःच फोटो काढून पीक नोंदवतो. जमिनीचा दस्त नोंदला की खबर ई-फेरफारमधून थेट तलाठ्याकडे जाते. मग 15 दिवसांची नोटीस, आणि हरकत नसेल तर मंडळ अधिकाऱ्याचं शिक्कामोर्तब. दोन खाती जोडली की हेलपाटे कसे वाचतात, याचं हे सॉलिड उदाहरण. पण तिथे जुळवायचा असतो गट नंबर. खरी कसरत माणूस जुळवताना होते. 2017 च्या कर्जमाफीत आपण ते पाहिलंय. बँकांची माहिती एकीकडे, ऑनलाइन अर्ज दुसरीकडे, आणि दोन्हींचा मेळ बसेपर्यंत शेतकरी ताटकळलेले.

यावर आता अ‍ॅग्रिस्टॅक आलंय. आधार आणि सातबारा जोडून शेतकऱ्याला एक फार्मर आयडी. एप्रिल 2025 पासून राज्यात कृषी योजनांसाठी तो सक्तीचा झाला. आयडिया मस्तच! एकदा ओळख पटली की प्रत्येक टेबलावर झेरॉक्सचा गठ्ठा नको. पण ओळख पटवायला दोन नावं शेजारी शेजारी ठेवावी लागतात, आणि नेमके तिथेच आमचे विठ्ठलराव अडकले.

पूर्वी हे काम तलाठी तोंडी उरकायचा. ‘अरे, हा तोच विठ्ठल!’ एवढं म्हटलं की काम पुढे. खात्याखात्यांना जोडणारी वायर म्हणजे तो माणूस. अर्थात त्या वायरीला मर्जी असायची, कधी चहापाणीही लागायचं, तेव्हा उगाच उसासे नकोत. पण एखाद्या ‘राव’कडे कानाडोळा करणं तिला जमायचं. मशिनला ते कोण शिकवणार?

मी म्हटलं, “अण्णा, सातबाऱ्यावरचंच नाव दुरुस्त करून घ्या. लिहिण्यातली चूक असेल तर महसूल संहितेच्या कलम 155 खाली तहसीलदारांकडे अर्ज करता येतो.”

“सातबाऱ्यावर काय चुकलंय?” अण्णा उसळले. “माझ्या बापानं वाटणी करून चढवलेलं नाव हाय ते. ‘राव’ आधारवर लागलं, तिथलं काढ. अन् मी मीच हाय, हे किती जणांना सांगत फिरू?”

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आयटीवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर अण्णांनी आपलं मास्टर रेकॉर्ड कोणतं ते ठरवलं होतं! मग आधी आधार, नंतर पासबुक. ऐन हळद शिजवायच्या दिवसांत तीन खेपा. वसमतच्या हळदीला 2024 मध्ये जीआय टॅग मिळाला. हळदीची ओळख पटली, पिकवणाऱ्याची बाकी होती! अखेर फार्मर आयडी आला. अण्णांनी तो नंबर वहीत लिहिला आणि खाली स्वतःचं नाव ‘राव’ न लावता.

तुमचंही कुणीतरी गावी असेलच. या वीकेन्डला मॉलमध्ये शिरण्याआधी एक फोन लावा. सातबारा, आधार आणि पासबुकाचे फोटो मागवा, शेजारी ठेवा आणि एकेक अक्षर वाचा. आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, तेव्हा कोणतं ठेवायचं हे आधी त्यांनाच विचारा. नाव त्यांचं आहे!