मॉरिशसला जाताय?

मॉरिशसला निघालात, तर माझे एवढे ऐका: निळ्या समुद्राकडे धावण्याआधी पोर्ट लुईचा आप्रवासी घाट पाहा. १८३४ पासून उसाच्या मळ्यांसाठी कराराने भारतीय मजूर या बेटावर आले. त्यांतले लाखो या घाटाच्या दगडी पायऱ्या चढले. मुंबईहून जहाजात बसलेली आपली मराठी माणसेही त्यांत होती.

त्यांचे वंशज आज घरी क्रिओल बोलतात. पण गणेशचतुर्थीला तिथे सरकारी सुट्टी असते अन् आरती मराठीतच होते. अशाच एका घरी मोडक्या मराठीत आजींनी मला गाव विचारले. मी सांगितले.

“आमचं कुठलं, कोण जाणे!” त्या हसून म्हणाल्या. मला काही हसता आले नाही.

मग समुद्रावर खुशाल जा. तो किती रुंद आहे, हे तेव्हाच कळेल.