हिरवी खूण दिसली, पण तपासले कोणी?

चूक आमची होती, म्हणून ती आम्हीच सांगतो.

भोर आणि वेल्हे परिसरातल्या अनुसूचित जातींच्या मुलांना मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी आपण पात्र आहोत का, हे मोबाईलवर कळावे म्हणून आम्ही काही कार्यकर्त्यांनी छोटे संकेतस्थळ बांधले. सगळा कोड गिटहबवर एकाच रिपॉझिटरीत. फोल्डर तीन : भोर, वेल्हे आणि समाईक. पात्रतेचा हिशेब समाईकमध्ये, कारण नियम दोन्हीकडे एकच.

कोड पाठवला की चाचण्या आणि बिल्ड आपोआप चालायचे. पण वेल्ह्याच्या पानावरचा एक शब्द सुधारला तरी भोरचेही सगळे पुन्हा चालायचे. खासगी रिपॉझिटरीला महिन्याला मिळणारी २,००० फुकट मिनिटे महिनाअखेरीआधीच संपू लागली. म्हणून ठरवले, ज्या फोल्डरमध्ये बदल, त्याचीच पाइपलाइन चालेल.

आधी फोल्डरची अट पूर्ण वर्कफ्लोवर लावली. मग न चाललेली सक्तीची तपासणी 'प्रलंबित'च राहिली आणि मर्ज अडला. म्हणून अट जॉबवर आणली. बदललेल्या फाइलींची यादी गिटकडून घ्यायची, यादीत आपला फोल्डर नसेल तर जॉब वगळायचा. असा वगळलेला जॉब गिटहब यशस्वी धरतो. मर्ज सुरळीत झाले, आम्ही खूश.

मग समाईकमधला कोड नीटनेटका करताना एकाने 'अडीच लाखांपर्यंत'चे 'अडीच लाखांपेक्षा कमी' करून टाकले. नेमक्या २,५०,००० उत्पन्नासाठी चाचणी लिहिलेली होती. पण ती भोर-वेल्ह्याच्या जॉबमध्ये, आणि समाईकचे नाव दोघांच्याही अटीत नव्हते. दोन्ही जॉब वगळले गेले. वर हिरवी खूण.

वेल्ह्याच्या एका मुलीच्या दाखल्यावर नेमके अडीच लाख होते. पडद्यावर आले : अपात्र. तिने अर्जाचा नाद सोडला होता. आमच्यातल्या एकाने तिचा दाखला हातात घेऊन पाहिला, म्हणून मुदतीच्या चार दिवस आधी चूक सापडली.

काही मित्र म्हणाले, ही फिल्टरची पद्धतच मोडीत काढा. आम्हाला ते पटत नाही. ज्यांच्याकडे पैसा नाही त्यांनी मिनिटे वाचवलीच पाहिजेत. आमची चूक वेगळी होती. बदल कुठे झाला एवढेच आम्ही विचारले. त्याचा परिणाम कोणावर होणार, हे विचारले नाही. आता समाईक दोन्ही अटींत आहे. पाइपलाइनची स्वतःची फाइल बदलली तरी सगळे चालते. आणि रोज रात्री एकदा, काही बदललेले असो वा नसो, पूर्ण तपासणी होते.

भोरहून वरंधा घाट उतरला की महाड. १९२३ मध्ये मुंबई कायदेमंडळात बोले ठराव झाला, पुढे महाड नगरपालिकेनेही तळे सर्वांना खुले केल्याचे ठरवले. कागदावर सगळे मंजूर होते. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारोंसह तळ्यावर गेले, ओंजळीने पाणी प्यायले, तेव्हा तो ठराव तपासला गेला. नंतर झालेल्या हल्ल्याने त्याची खरी किंमत दाखवली.

आमची चूक त्यापुढे काहीच नाही. पण मंजुरीवर विसंबून बसायचे नाही, हे आपल्याला महाडने शिकवलेले, आणि तेच आम्ही विसरलो. तुमच्यापैकी जे कोड लिहितात त्यांनी आजच आपली पाइपलाइन उघडून पाहावी : हिरव्या खुणेखाली किती जॉब चालले, आणि किती नुसतेच वगळले गेले?