गाव कुठलं?

आठवीला लोकसंख्येचा धडा सुरू केला. पहिल्याच तासाला विचारलं, "बाहेरून आलेले कोण कोण?" जेमतेम दोन हात वर. मग विचारलं, "गाव कुठलं?" आणि गलका झाला. चिपळूण, जौनपूर, उडुपी, भुज, सातारा. मीरा रोड कुणीच म्हणालं नाही. "पाली" मात्र तिघं म्हणाले. एकाची राजस्थानातली, एकीची अष्टविनायकातली, तिसऱ्याची उत्तनच्या शेजारची. तो तिसरा रोज बसने घरी जातो. बाकी दोघं मे महिन्यात जातात.

०

फळ्यावर आपल्या मीरा-भाईंदर शहराचे आकडे लिहिले. 1991 ला सुमारे पावणेदोन लाख, 2001 ला 5 लाख 20 हजार, 2011 ला 8 लाख 9 हजार. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "बाई, दहा वर्षांत एवढी बाळं झाली?" वर्ग हसला, पण प्रश्न नेमका होता. नुसत्या जन्मांनी दहा वर्षांत शहर तिप्पट होत नाही. जन्म, मृत्यू आणि स्थलांतर हे तिन्ही घटक त्या एका प्रश्नातून शिकवून झाले.

०

स्थलांतर म्हटलं की मुलांना फक्त लांब पल्ल्याची गाडी दिसते. 2001 ते 2011 मध्ये मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या 33 लाख 38 हजारांवरून 30 लाख 85 हजारांवर उतरली. त्याच वेळी तेव्हाचा अखंड ठाणे जिल्हा 1 कोटी 10 लाखांवर जाऊन देशात पहिला ठरला. एकाचे आजोबा गिरणीत होते. 1982 चा संप, मग लालबागची खोली विकली आणि इथे वन रूम किचन घेतलं. चर्चगेट-विरार लोकलच्या टप्प्यातलं असलं तरी हेही स्थलांतरच. 1992-93 च्या दंगलींनंतर मुंबईतून मीरा रोडच्या नया नगरात आलेली कुटुंबंही पोटासाठी नव्हे, जिवाच्या भीतीने आली.

०

गृहपाठ दिला होता : घरातलं कोण, कुठून, कधी, कशासाठी आलं? बहुतेकांनी वडिलांपासून सुरुवात केली. आईची ओळ कोरी. एकीने विचारलं, "आई लग्न होऊन आली, ते धरायचं?" धरायचं. जनगणना आधीचं राहण्याचं ठिकाण विचारते, आणि देशात बायकांच्या स्थलांतराचं सर्वांत मोठं कारण लग्नच आहे. वह्या परत दिल्या. दुसऱ्या दिवशी आयांच्या ओळी भरून आल्या. एका आईने स्वतःच्या अक्षरात माहेरच्या गावाचं नाव लिहिलं होतं, तालुक्यासकट.

०

घनतेचं गणित. क्षेत्रफळ सुमारे 79 चौरस किलोमीटर. भागाकार केला तर दर चौरस किलोमीटरला दहा हजारांच्या वर माणसं. शांतीनगरची मुलं म्हणाली, कमी वाटतं. राई-मुर्ध्याची म्हणाली, जास्त वाटतं. दोघांचंही बरोबर. मिठागरं, खाडी, कांदळवन, घोडबंदरकडचं जंगल, सगळं त्या भागाकारात आहे. माणसं मात्र स्टेशनला चिकटून आहेत. सरासरी आणि वितरण यांतला फरक मुलं पुन्हा विचारणार नाहीत.

०

उत्तनचा मुलगा गप्प होता. "आम्ही इथलेच, मी काय लिहू?" त्याच्या घरची बोट आहे. विचारलं, बोटीवर खलाशी कुठले? "पालघरच्या पाड्यांवरचे. दोघं यूपीचे." जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा? "गावी जातात. नारळी पौर्णिमेच्या सुमारास येतात." म्हटलं, लिही हेच. हंगामी स्थलांतराचं याहून चांगलं उदाहरण मला पुस्तकात सापडलं नव्हतं.

०

'परप्रांतीय' हा शब्द तासाला एकदा तरी येतोच. मी तो खोडत नाही. म्हणणाऱ्याला फक्त स्वतःच्या गृहपाठाची ओळ मोठ्याने वाचायला लावते.

०

2021 ची जनगणना झाली नाही. पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख 1 मार्च 2027. तोवर 2011 च्याच आकड्यांवर शिकवायचं. जाता जाता मुलांच्या जन्मतारखा पाहिल्या. फळ्यावरच्या त्या 8 लाख 9 हजारांत माझ्या वर्गातलं एकही पोर नाही.