आठ टक्क्यांची टेकडी

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. एकाच रविवारी माझ्यापुढे सहीसाठी दोन कागद आले.

पहिला सकाळी आला. वेताळ टेकडीवरून खाली उतरत होतो, तोच एका गृहस्थांनी अर्ज पुढे केला. पुण्याच्या टेकड्यांवर बांधकाम होऊ देऊ नका, अशी त्यात विनंती होती. मी पडलो मराठीचा प्राध्यापक. शुद्धलेखनाच्या दोन चुका तिथल्या तिथे दुरुस्त केल्या आणि मोठ्या ऐटीत सही ठोकली.

दुसरा संध्याकाळी आला. तो घेऊन आमचे धाकटे बंधूच आले होते. 'टेकडीवरील आमच्या जमिनीत आम्हाला घर बांधू द्या,' असे त्या कागदात होते. चुका त्यातही होत्या. पण त्या दुरुस्त करायला माझा हात काही धजेना. कारण त्यातल्या 'आमच्या' या शब्दात मीही होतो!

त्याचे असे झाले. आमचे वडील डहाणू तालुक्यातल्या सायवनला प्राथमिक शिक्षक होते. १९९९ साली निवृत्त झाले आणि पुण्याला आले. पण डोंगराच्या कुशीत आयुष्य काढलेल्या माणसाला सपाटीवर करमेना. फंडाचे पैसे मोडून त्यांनी दक्षिणेकडच्या एका टेकडीच्या उतारावर दोन गुंठे जमीन घेतली. घराचा नकाशा चौकटीच्या वहीत स्वतःच काढला. तुळशीवृंदावन कुठे, आईची पाटा-वरवंट्याची जागा कुठे, सारे पेन्सिलीने आखले होते. ते गाव १९९७ साली महापालिकेत आलेल्या तेवीस गावांपैकी. त्या गावांतल्या टेकड्या जैवविविधता उद्यानासाठी राखून ठेवायच्या, अशी चर्चा पुढे सुरू झाली आणि ती वर्षानुवर्षे चालली. वडील गेले. २०१५ साली सरकारने सुमारे ९७८ हेक्टरांचे ते आरक्षण मंजूर केले. आमचे दोन गुंठे त्यात गेले.

मोबदला ठरला आठ टक्के टीडीआर. म्हणजे जमीन महापालिकेच्या हवाली करायची आणि तिच्या शंभर चौरस फुटांमागे आठ चौरस फूट बांधकामाचा हक्क घ्यायचा. तो त्या जागेवर वापरायचा नाही. दुसऱ्या कुणाला तरी विकायचा. दोन गुंठे म्हणजे २,१७८ चौरस फूट. बंधूंनी पाठकोऱ्या कागदावर गुणाकार मांडला.

"एकशे चौऱ्याहत्तर," ते म्हणाले. "आईचे देवघर आणि न्हाणीघर बसेल एवढ्यात. स्वयंपाक मात्र शेजाऱ्यांकडे करावा लागेल."

मी त्यांना टेकडीचे महत्त्व सांगू लागलो. उतारावरची माती आणि झाडे पाऊस अडवतात, जिरवतात. उतार तोडून वर सिमेंट ओतले की तेच पाणी लोंढ्याने खाली येते. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजच्या बाजूने येणाऱ्या आंबील ओढ्याला पूर आला, भिंती कोसळल्या, झोपेतली माणसे गेली. हे सगळे मी तासावर शिकवावे तसे सांगितले.

बंधूंनी ते शांतपणे ऐकून घेतले. ते आजही भाड्याच्या दोन खोल्यांत राहतात.

"दादा, तुझे सगळे खरे आहे," ते म्हणाले. "पण तुझी ही सोसायटी तरी कुठे आहे? टेकडीच्या पायथ्यालाच ना? तू आत येऊन बसलास आणि आता दाराला कडी लावतोस. शिवाय रोज सकाळी वर फिरायला जातोस तो तू. दंड मात्र मी भरायचा!"

'दंड' हा शब्द मला लागला. सौभाग्यवतींनी आणलेला चहा तसाच निवत राहिला.

त्या रात्री मला सायवन आठवले. १९९१ चा पावसाळा असावा. त्या वर्षी केंद्र सरकारने अख्खा डहाणू तालुका पर्यावरणाच्या दृष्टीने नाजूक म्हणून जाहीर केला. उद्योगांवर बंधने आली. वडिलांनी ती बातमी ओटीवर बसलेल्या वारली मंडळींना समजावून सांगितली. सगळे ऐकून झाल्यावर एका म्हातारीने विचारले, "गुरुजी, मंग मोळी आणायची का नाय?"

गुरुजींना उत्तर देता आले नाही. पुढे थोड्याच दिवसांत एका रखवालदाराने तिचा कोयता हिसकावून घेतला. वडील चिखल तुडवत गेले, हातापाया पडले आणि कोयता सोडवून आणला. घरी येऊन पाय धुताना आईला म्हणाले, "डोंगर राखला तो हिच्या वाडवडिलांनी. आणि आता दंडही हिनेच भरायचा!"

पुढे २००६ च्या वनहक्क कायद्याने अशा लोकांना कसत्या जमिनीवर हक्क सांगण्याची वाट मिळाली. तोवर कित्येक म्हाताऱ्यांचे कित्येक कोयते गेले असतील.

आमचे दोन गुंठे म्हणजे काही त्या म्हातारीची मोळी नव्हे, हे मला कळते. पण हिशेब तोच आहे. टेकडी सर्वांची, तिचा वारा सर्वांचा, तिने अडवलेले पाणी सर्वांचे. किंमत तेवढी दोन-चारशे सातबाऱ्यांची!

बंधूंच्या कागदावर मी सही केली नाही. सकाळच्या कागदावरची मागेही घेतली नाही. सोमवारी उठून तिसरा कागद लिहिला: टेकडीवर एकही वीट चढू नये, पायवाटा सर्वांना खुल्या राहाव्यात, ज्यांची जमीन जाते त्यांना घर उभे राहील इतका मोबदला मिळावा, आणि त्यासाठी आम्हा सर्व पुणेकरांच्या घरपट्टीत थोडी वाढ करावी.

दुसऱ्या दिवशी टेकडीवर तेच गृहस्थ भेटले. कागद वाचताना ते दोनदा माना डोलावून 'वा वा' म्हणाले. घरपट्टीपाशी आले आणि पेनाला टोपण लावले. "विचार करतो," म्हणाले.

संध्याकाळी तो बंधूंना दाखवला. त्यांनी तो दोनदा वाचला, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा एकदा वाचला.

"शुद्धलेखन बरोबर आहे," ते म्हणाले आणि सही केली.

त्या कागदावर अजून दोनच सह्या आहेत.