बांधापलीकडचा शेजारी

ख्रिस्ताच्या प्रमुख आज्ञेसाठी मराठी बायबलच्या भाषांतरकारांनी दोन साधे शब्द योजले : 'शेजारी' आणि 'प्रीती'. दोन्ही शब्द ओळखीचे आहेत, आणि रत्नागिरीत राहून ते रोज वाचणाऱ्याला दोन्ही अडचणीचे आहेत. कोकणात शेजारी म्हणजे ज्याच्याशी आपला बांध लागतो तो माणूस. चिऱ्यांचा गडगा दर पावसाळ्यानंतर हातभर इकडे की तिकडे सरकला, फांदी आपली पण आंबा पडला त्याच्या हद्दीत, वहिवाटीची पाणंद कोणी बुजवली, सातबाऱ्यावर पणजोबांचे नाव अजून का लागलेले आहे, अशा प्रश्नांवर ज्याच्याशी तीन पिढ्या बोलणे बंद असते तो शेजारी. दावा हा इथे घराण्यात देवघरासारखा वारशाने येतो. अशा प्रदेशात शेजाऱ्यावर स्वतःइतकी प्रीती करावी हे वाक्य गुळगुळीत राहत नाही. ते एका ठरावीक माणसाचा चेहरा घेऊनच समोर येते.

मिस्सेत कम्युनियनच्या आधी शांतीची खूण देण्याचा एक छोटा विधी असतो. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी हात जोडून, उजव्या-डाव्या बाजूला वळून नमस्कार करतात. रत्नागिरीत कॅथलिकांची संख्या मुळातच थोडी आहे. २००५ साली सिंधुदुर्ग धर्मप्रांत वेगळा होईपर्यंत आम्ही पुणे धर्मप्रांतात मोडत होतो. बाकड्यावर शेजारी कोण येणार हे त्यामुळे फारसे अनपेक्षित नसते. सोमवारी न्यायालयात ज्याच्यासमोर उभे राहायचे त्याला रविवारी नमस्कार करण्याची वेळ येते. वेदीशी अर्पण घेऊन आला असशील आणि भावाचे तुझ्याविषयी काही गाऱ्हाणे आहे हे आठवले, तर अर्पण तिथेच ठेवून आधी समेट कर, असे मत्तयाच्या शुभवर्तमानात येशू सांगतो. ही सूचना शब्दशः पाळायची म्हटली तर कित्येक रविवारी चर्च ओस पडेल, असे एक वृद्ध धर्मगुरू आम्हांला गमतीने म्हणाले होते.

हा लेख आम्हां दोघांचा, म्हणजे मराठी शिकवणाऱ्या एका जोडप्याचा आहे. म्हणून यातले 'आम्ही' हे संपादकीय ऐटीचे नाही. त्याबद्दल पुढे बोलायचेच आहे.

रत्नागिरी आणि कठीण माणूस हे दोन शब्द एकत्र आले की साहित्याच्या विद्यार्थ्याला अंतू बर्वा आठवणार. 'व्यक्ती आणि वल्ली' १९६२ साली आले तेव्हापासून मराठी माणूस या तिरकस म्हाताऱ्यावर जीव टाकत आला आहे. तो जीव खराच आहे. त्या लेखाचा शेवट वाचून गलबलत नाही असा विद्यार्थी आम्ही अजून पाहिलेला नाही. पण वर्गात एक गोष्ट बोलायची राहून जाते. रत्नागिरी ही पु. लं.ची सासुरवाड होती. अंतू बर्वा त्यांना भेटे तो येण्याजाण्यात. जावई परत निघाला की अंतूची जीभ गावातच राही. पाहुण्याला वल्ली वाटणारा माणूस घरच्यांना काय वाटत असेल, हा प्रश्न व्यक्तिचित्राच्या कक्षेत येत नाही. आला असता तर ते चित्र वेगळे झाले असते, कदाचित लिहिलेच गेले नसते.

आपल्या संतकथांतही अशीच सोय असते. पैठणच्या घाटावर एकनाथ स्नान करून येतात आणि एक माणूस त्यांच्यावर पुनःपुन्हा थुंकतो. नाथ दर वेळी शांतपणे गोदावरीकडे वळतात आणि अखेर तो माणूस पाया पडतो. कथा सुंदर आहे. मात्र तिच्यातला छळणारा सूर्यास्ताच्या आत शरमतो. घरातली कठीण माणसे संध्याकाळपर्यंत शरमत नाहीत. ती रात्री जेवायला बसतात, आमटी आळणी आहे म्हणतात आणि उद्या पुन्हा उठतात.

म्हणून या विषयावर आम्हांला सर्वांत उपयोगी पडलेली लेखिका ही ना कोकणातली, ना मराठीतली. फ्रान्समधल्या लिझ्य गावच्या कार्मेल मठात १८८८ साली पंधराव्या वर्षी दाखल झालेली आणि १८९७ साली चोविसाव्या वर्षी क्षयाने वारलेली तेरेझ. १९२५ साली तिला संतपद मिळाले आणि १९९७ साली चर्चची आचार्या ही पदवी. या मोठ्या पदव्यांनी वाचक बिचकतो, कारण पुस्तकात भरले आहे ते बारीकसारीक. तिच्या आत्मकथेचा शेवटचा भाग मरणाच्या थोडे महिने आधी लिहिलेला आहे आणि तो मठाच्या ज्या प्रमुख माताजींना उद्देशून आहे, त्या स्वतःच लहरी स्वभावासाठी ओळखल्या जात. मठातल्या कठीण बायकांविषयी एका कठीण बाईला लिहिलेले हे पत्र आहे, एवढे ध्यानात ठेवून ते वाचले की त्याची चव बदलते.

तेरेझ सांगते की मठातल्या एका भगिनीचे वागणे, बोलणे, स्वभाव, सगळेच तिला खटके. तिने ठरवले की जी व्यक्ती आपल्याला सर्वांत प्रिय आहे तिच्याशी जसे वागू तसेच हिच्याशी वागायचे. ती समोर आली की मनात तिच्यासाठी प्रार्थना, उलट उत्तर ओठांवर आले की हसून विषय बदलायचा, आणि तेही जमेनासे झाले तर लढाईतून पळणाऱ्या शिपायासारखे तिथून सटकायचे. शेवटी त्या भगिनीनेच विचारले की माझ्यात असे काय आहे म्हणून मला पाहून तुम्ही नेहमी हसता! दुसरी एक म्हातारी, संधिवाताने अडलेली भगिनी. संध्याकाळी सहाला दहा मिनिटे कमी असताना ती वाळूचे घड्याळ हलवी. मग तिला उठवायचे, तिच्या मागून ठरलेल्या पद्धतीने पट्ट्याला धरून भोजनगृहात न्यायचे. चाल जरा जलद झाली तर ती पडणार म्हणून ओरडे, हळू झाली तर हात सुटला म्हणून ओरडे, आणि दोन्ही नसेल तर तू फार लहान आहेस, तुला जमायचे नाही, असे ऐकवी. बसवल्यावर बाह्या तिच्याच रीतीने दुमडायच्या. काही दिवसांनी तेरेझच्या लक्षात आले की तिला पाव कापताना त्रास होतो. ते काम कोणी सांगितलेले नव्हते. ते करून, एकदा हसून मगच ती निघे. आणि तिसरी, ध्यानाच्या वेळी मागे बसून सतत कसलासा खरखर आवाज करणारी. मागे वळून एक नजर टाकली असती तर आवाज थांबला असता. तिने तो आवाज न ऐकण्याचा खटाटोप सोडला आणि जणू संगीतच चालले आहे असा तो लक्ष देऊन ऐकला. त्या दिवशीची तिची प्रार्थना तेवढीच होती.

यातले 'हसणे' आमच्या विद्यार्थ्यांना खुपते. आवडत नसताना आवडल्यासारखे वागणे हे ढोंग नव्हे काय, असा त्यांचा रोकडा प्रश्न असतो. उत्तर द्यायचे तर तेराव्या शतकातल्या थॉमस अक्विनसकडे जावे लागते. अ‍ॅरिस्टॉटलच्या आधाराने त्याने प्रेमाची व्याख्या केली ती दुसऱ्याचे भले इच्छिणे अशी. त्या व्याख्येत आवडीला जागा नाही. आवड ही येते-जाते; इच्छा धरता येते. मराठीत माया, लोभ, जिव्हाळा, ओढ हे सगळे शब्द आपोआप वाटणाऱ्या गोष्टीचे आहेत. न वाटता करायच्या प्रेमाला आपल्याकडे वेगळा शब्द नाही आणि म्हणूनच बहुधा तो अंगाबाहेरचा, पुस्तकी 'प्रीती' तिथे बरा बसतो.

आता मावशी. आमच्यापैकी एकीची ती मावशी. अविवाहित, मुंबईत परिचारिका म्हणून उभा जन्म काढलेली आणि निवृत्तीनंतर सावंतवाडीकडचे भावाचे घर बंद झाल्यावर आमच्याकडे आलेली. त्याला आता बरीच वर्षे झाली. मिरकरवाड्याहून आणलेली मासळी तिला कालची वाटते, सोलकढी पाणचट वाटते, आमची मुलगी उद्धट वाटते, हे चालायचेच. पण वडील गेले त्या दिवशी, शवपेटी घरात असताना, जमलेल्या माणसांपुढे तिने मोठ्याने सांगितले की पैसे वाचवण्यासाठी मुलांनी इस्पितळात न्यायला उशीर केला. ते खरे नव्हते, आणि ते तिला, त्या क्षेत्रात आयुष्य घालवलेल्या बाईला, इतरांपेक्षा चांगले कळत होते. त्यावर ती आजवर एक अक्षर बोललेली नाही. त्याच संध्याकाळी सात वाजता तिने नेहमीप्रमाणे तेर्स सुरू केला आणि आम्ही तिच्या शेजारी गुडघे टेकले. दुसरे काय करता आले असते?

त्या संध्याकाळी नाही, पण पुढे कधीतरी आमचे लक्ष एका व्याकरणाच्या गोष्टीकडे गेले. धंदाच भाषेचा असल्याने दुःखातही तिकडे लक्ष जाते. येशूने शिकवलेली प्रार्थना पहिल्यापासून शेवटपर्यंत अनेकवचनी आहे. बंद खोलीत एकट्याने म्हटली तरी तिच्यात 'मी' येत नाही. भाकर मागायची ती आमची, अपराध ते आमचे. ग्रीकला एकच 'आम्ही' आहे. मराठीला दोन आहेत : ऐकणाऱ्याला वगळणारे 'आम्ही' आणि त्याला धरून चालणारे 'आपण'. प्रार्थना ऐकणारा देव असल्याने भाषांतरात 'आम्ही' येणे अटळच. भाकर त्याला नको आहे, अपराध त्याचे नाहीत. पण त्यामुळे एक गंमत होते. दिवसभर घरात आमचे 'आम्ही' म्हणजे आम्ही दोघे, मावशीला वगळून : आम्ही सांगितले होते, आम्ही आणले होते, आम्ही काय कमी केले. सात वाजता तोच शब्द तिच्या तोंडून आमच्या तोंडात येतो आणि त्यात ती असते. तिच्यासाठी काही मागायचे तर त्याच वाक्यात आमच्यासाठीही मागावे लागते; तिला गाळून भाकर मागण्याची सोय त्या व्याकरणात ठेवलेलीच नाही. आणि त्या सगळ्या मागण्यांत एकच मागणी सशर्त आहे : क्षमेची. जितकी द्याल तितकी मागा. ती ओळ येते तेव्हा मावशीचा आवाज किंचित चढतो. हा आमचा भास असेल.

तेर्साच्या शेवटी ती आपल्या मागण्या मोठ्याने सांगते : आजाऱ्यांसाठी, शुद्धिस्थानातील आत्म्यांसाठी, पावसासाठी. एके दिवशी त्यांत भर पडली. घरातल्या कठीण माणसांसाठी. कठीण माणसे म्हणजे अर्थातच आम्ही दोघे. मुलीला हसू आवरेना.

हे सगळे लिहिताना आमच्यापैकी जी स्त्री आहे तिचा एक आक्षेप नोंदवणे भाग आहे, कारण तो बरोबर आहे. सोसण्याचा उपदेश घरात सगळ्यांना सारखा वाटला जात नाही. रात्री उठून पाणी कोमट करणारे, औषधे मोजून देणारे, शिव्या खाऊन पुन्हा ताट वाढणारे हात बहुधा बाईचेच असतात, आणि पुरुषाच्या वाट्याला या प्रेमाचे तत्त्वज्ञान येते. तेरेझची गोष्ट मठातली आहे. तिथे सगळ्याच बायका होत्या. आमच्या घरी यावर तोडगा निघाला तो प्रवचनाने नव्हे, तर वेळापत्रकाने. सकाळची आणि रात्रीची औषधे, डॉक्टर आणि पेन्शनची बँक हे खाते नवऱ्याकडे गेले. मावशीला ते अजून पटलेले नाही.

इथे लक्ष्मीबाई टिळकांचे नाव यावेच लागते. त्या कॅथलिक नव्हत्या, प्रॉटेस्टंट मिशनच्या. पण रेव्हरंड टिळकांचा जन्म याच रत्नागिरी जिल्ह्यात करजगावचा, तेव्हा थोडा हक्क सांगतो. १९३४ पासून क्रमाने आलेली 'स्मृतिचित्रे' पाहा. सोवळ्याच्या वेडाने घर जेरीस आणणारे वडील, आणि मग न सांगता निघून जाणारा, हातचे असेल ते देऊन टाकणारा, क्षणात पेटणारा आणि क्षणात विझणारा नवरा. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाई काही वर्षे वेगळ्या राहिल्या. परतल्या त्या नवऱ्याच्या हट्टाने नव्हे, आणि १९०० साली ख्रिस्ती झाल्या त्या स्वतःच्या विचाराने. त्यांच्या लेखणीत आणि तेरेझच्या मठात फरक आहे तो इथे. तेरेझ हसून खटका लपवते, लक्ष्मीबाई हसून तो चव्हाट्यावर मांडतात. त्या टिळकांचा एकही दोष झाकत नाहीत आणि तरी पुस्तक मिटताना वाचकाच्या मनात टिळकांविषयी प्रेमच उरते. ही किमया समीक्षेला अजून नीट उलगडलेली नाही, असे आमचे मत आहे. सोसण्याला शब्द न मिळाला तर तो सोशिकपणा होतो. लक्ष्मीबाईंना शब्द मिळाले होते.

एक गोष्ट मात्र कॅथलिक म्हणून टाळता येण्यासारखी नाही. ही शिकवण मराठीत पहिल्यांदा विस्ताराने मांडणारे फादर स्टीफन्सचे ख्रिस्तपुराण १६१६ साली राचोलला, रोमन लिपीत छापले गेले. त्याच सासष्टीत ३३ वर्षांपूर्वी, १५८३ साली, कुंकळ्ळीच्या लोकांनी पाच जेझुइटांना ठार केले होते आणि पुढे पोर्तुगीज सत्तेने गावच्या प्रमुखांना बोलावून मारले. जेझुइटांना चर्चने १८९३ साली धन्य घोषित केले. त्या प्रमुखांचे स्मारक कुंकळ्ळीत आहे. वैऱ्यावरील प्रीतीची शिकवण सत्तेच्या हाताने आली की तिचे काय होते, हे त्या गावात वाचता येते. स्टीफन्स त्या काळी सासष्टीतच होता. त्यानंतर त्याने लोकांची भाषा शिकून त्यांच्याच ओवीत दहा हजारांहून अधिक ओव्या रचल्या. याला प्रायश्चित्त म्हणणे फार होईल, नुसते प्रचारतंत्र म्हणणे फार थोडे. एम. ए.च्या वर्गात हा वाद दर वर्षी होतो आणि तास संपल्याने थांबतो.

गेल्या पावसाळ्यापासून मावशीला कमी ऐकू येते. तेर्स म्हणताना आमची अर्धी ओळ संपली आहे की नाही हे तिला कळत नाही. ती मध्येच पुढचा मणी धरते, आणि दोन प्रार्थना एकमेकींवर चढतात. सुरुवातीला आम्ही आवाज वाढवला. आता तिच्या ओठांकडे पाहून म्हणतो. त्यामुळे तेर्साला दहा मिनिटे जास्त लागतात आणि तेवढा वेळ, नाइलाजाने का होईना, तिच्या तोंडाकडे बघावे लागते.