पट्टीत न दिसणारं नुकसान

कोथिंबिरीचा बाजार पहाटेचा. संध्याकाळी मंचरला पिकअप भरायची, चाकण-तळेगावमार्गे एक्स्प्रेसवे धरायचा आणि मध्यरात्रीनंतर वाशीच्या मार्केटला लागायचं, हा आमचा नेहमीचा शिरस्ता. गेल्या उन्हाळ्यात मी स्वतः मालाबरोबर होतो. बोरघाट उतरताना गाड्या जागच्या जागी थांबल्या. खाली एक कंटेनर उलटून दोन लेनवर आडवा पडला होता.

घाटात जुना महामार्ग आणि एक्स्प्रेसवे एकत्र येतात. दोन्ही रस्त्यांची वाहतूक एकाच उतारावर येते, त्यामुळे तिथे लेन अडली की बगल द्यायला जागाच उरत नाही. क्रेनलाही त्याच गर्दीतून वाट काढावी लागते. कंटेनर बाजूला झाला तरी रांग लगेच सुटत नाही, कारण तोवर मागे गाड्या साचतच असतात.

दोनच्या सुमारास मी ताडपत्री उचलून जुड्यांच्या थरात हात घातला. आत वाफ धरली होती. वरचं ओलं बारदान कोरडं पडलं होतं, मधली पानं पिवळी पडू लागली होती. प्यायचं पाणी होतं तेवढं शिंपडलं. शेजारच्या ट्रेलरचा ड्रायव्हर न्हावाशेवा बंदराला निघाला होता. वेळेत गेट गाठलं नाही तर माल ठरलेल्या बोटीला लागणार नाही, म्हणून तो सारखा मालकाला फोन करत होता.

वाशीला पोचलो तेव्हा नऊ वाजून गेले होते. किरकोळ विक्रेते खरेदी आटोपून परतले होते. पहाटे शेकडा दीड हजाराने गेलेली कोथिंबीर माझ्या वाट्याला चारशेने गेली. अडीच हजार जुड्यांमागे साडेसत्तावीस हजार रुपये गेले. भाडं आणि हमाली मात्र ठरल्याप्रमाणेच कापली गेली. हातात आलेल्या पट्टीत, म्हणजे विक्रीच्या हिशोबाच्या चिठ्ठीत, कोंडीचा उल्लेख कुठेच नव्हता.

अपघाताच्या बातमीत मृत-जखमींचा आकडा येतो, तो आधी यायलाच हवा. पण मागे अडकलेल्यांचा नासलेला माल, बुडालेली मजुरी आणि उभ्या गाड्यांनी जाळलेलं डिझेल यांचाही हिशोब सरकारने मांडावा. तो मांडला तर घाटाच्या वर आणि खाली, दोन्हीकडे मोठी क्रेन चोवीस तास तयार ठेवण्याचा खर्च कुणालाच जड वाटणार नाही. आणि चालक बंधूंनो, घाटात गाडी गिअरमध्येच उतरवा, अवजड गाडीने डावी लेन सोडू नका. तुमच्या एका चुकीची किंमत मागच्या शेकडो घरांना मोजावी लागते.