जोडीचा संगणक

सांगलीच्या मार्केट यार्डातील हळदीच्या एका जुन्या अडत पेढीवर गेल्या मार्चमध्ये एक साधा प्रश्न उभा राहिला आणि तो महिनाभर मिटला नाही. हिशेबाचा संगणक एकच आहे. जोडीला दुसरा घेऊन ठेवावा की नाही?

निमित्त घडले ते ९ तारखेला. हंगाम भरात होता. सकाळचे सौदे आटोपून दिवाणजींनी संगणक सुरू केला, तर पडदा काळाच राहिला. शेतकरी ओट्यावर पट्टीची वाट पाहत बसलेले. ११ तारखेपर्यंत जीएसटीचे विक्रीचे विवरणपत्र भरायचे. दुरुस्ती करणाऱ्याने पेटी उघडून सांगितले, हार्ड डिस्क गेली. पेनड्राइव्हवरची शेवटची नक्कल बारा दिवसांपूर्वीची निघाली.

त्या दुपारी वयोवृद्ध शेठ स्वतः गादीवर बसले. हमाली, तोलाई वजा करून त्यांनी हाताने पट्ट्या लिहिल्या आणि दिवेलागणीपूर्वी सर्वांचे पैसे चुकते केले. खरी अडचण देण्याची नव्हतीच, येण्याची होती. एका खरेदीदाराने फोनवरून आपली बाकी विचारली, तेव्हा दिवाणजींना ‘उद्या सांगतो’ म्हणावे लागले. शेठना तो शब्द शेतकऱ्यांच्या खोळंब्याहून अधिक लागला.

थोरल्या चिरंजीवांनी त्याच रात्री दुसऱ्या संगणकाचा विषय काढला. शेठचे म्हणणे, एक चालत असताना दुसऱ्यात भांडवल कशाला अडकवायचे? (काटकसरीला अपरिग्रह म्हणण्याची सोय व्यापारी घरांत असतेच.)

वाद रंगला, पण दोघांच्याही नजरेतून मुख्य गोष्ट निसटली होती. शेजारी कोरा करकरीत संगणक असता, तरी त्यात ते बारा दिवस नसतेच. ते मिळाले सौदावहीतून. सौद्याच्या जागी हाताने लिहिली जाणारी ही वही बंद करावी, असे चिरंजीवांनी दोनदा सुचवले होते. वही आणि बँकेचा उतारा समोर ठेवून दिवाणजींनी दोन रात्रींत सारे पुन्हा नोंदवले. विवरणपत्र करसल्लागाराच्या कार्यालयातून मुदतीत गेले. पूर्वी कीर्द आणि खतावणी अशा दोन ठिकाणी व्यवहार उतरत असे, आणि खतावणीला ओल लागली तर कीर्दीवरून ती पुन्हा उभी करता येई. संगणकात एका नोंदीने दोन्ही कामे होतात. म्हणून गेली तर दोन्ही एकदम जातात.

दुसरे यंत्र हिशेब वाचवत नाही. ते वेळ वाचवते. मात्र विवरणपत्राची तारीख उद्यावर आलेली, किंवा भरलेला ट्रक ई-वे बिलासाठी थांबलेला, अशा वेळी त्या वेळेलाच मोल असते. माळ्यावरचा जुना संगणक उतरवण्याचा शेठचा तोडगा टिकला नाही. त्यावर विंडोज १० होते, आणि त्याचा नियमित आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवलेला. त्यावरून बँकेचे व्यवहार करणे धोक्याचे.

अखेर एक वापरलेला, पण चांगल्या स्थितीतला लॅपटॉप आला. रोज पेढी बंद करताना दोन नकला घ्यायच्या, एक पेढीवर आणि एक घरी, असे ठरले. पहिल्याच शनिवारी नक्कल लॅपटॉपवर उघडून पाहिली, तर उघडेना. त्यावरचे हिशेबाचे सॉफ्टवेअर जुन्या आवृत्तीचे होते. ते अद्ययावत केले. डिजिटल स्वाक्षरीचे टोकनही त्यावर चालवून पाहिले.

तेव्हापासून दर शनिवारी संध्याकाळी दिवाणजी लॅपटॉपवर नक्कल उघडतात आणि शेठ सौदावहीतून एखाद्या खरेदीदाराचे नाव उच्चारून त्याची बाकी विचारतात. मध्यंतरी एकदा रक्कम जुळली नाही. शुक्रवारची पोती त्यात नव्हतीच. शुक्रवारी दिवाणजी गावी गेले होते, आणि नक्कल कशी घ्यायची हे पेढीवर दुसऱ्या कोणालाच ठाऊक नव्हते. सध्या शेठचा नातू ते शिकतो आहे.